पान एकवीस, रकाना चार

सौंसरच्या आमच्या ऑफिसात देवीदासभाऊंची थट्टा करायला फार अक्कल लागत नसे. चहा आला की कोणीतरी म्हणायचं, देवीदासभाऊ, कोणता कप घ्यायचा ते रँडम नंबर काढून सांगा. ते हसायचे आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेला कप उचलायचे. ही थट्टा मीही केली आहे. पुढे जे झालं त्यानंतर ती आठवली की स्वतःचाच राग येतो, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

त्यांचं काम पीक कापणीच्या प्रयोगांचं. सरकारला दरवर्षी कळायला हवं असतं की तहसिलीत ज्वारी किती पिकली. सगळी वावरं कापून तोलणं कोणाच्या बापाला शक्य नाही. म्हणून गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली दोन वावरं तशीच निवडायची, आणि त्या वावरातही पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असा एकच चौकोन निवडून तेवढाच कापायचा, मळायचा, तोलायचा. चौकोन कुठे पडावा हे माणसावर सोडलं तर माणूस सावली पाहतो, नाहीतर मालकाचं तोंड पाहतो. त्यासाठी रँडम नंबरांची एक पुस्तिका असते. पानंच्या पानं नुसते अंक, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. वावराच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, पुस्तिकेतून दोन आकडे घ्यायचे, पहिल्याइतकी पावलं लांबीत आणि दुसऱ्याइतकी रुंदीत टाकायची, आणि पोचाल तिथे खुंटी ठोकायची.

हे सगळेच करत. पण बाकीचे पुस्तिका उघडत, आवडेल तो आकडा उचलत आणि मग कागद भरत. देवीदासभाऊ पुस्तिका मिटलेली असतानाच डायरीत लिहीत: पान अमुक, रकाना अमुक, ओळ अमुक. सही करत. मग उघडत. जो आकडा निघेल तो निघेल. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले की पाहून लिहायला लागलं की माणूस निवडायला लागतो, आणि त्याला स्वतःलाही ते कळत नाही. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मला हे इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

मी सत्त्याऐंशीच्या शेवटी तिथे रुजू झाले. पांढुर्ण्याच्या मास्तरांची मुलगी, नागपूरहून संख्याशास्त्र शिकून आलेली, त्यामुळे छिंदवाडा जिल्ह्यात संख्याशास्त्र मीच आणलं अशी माझी समजूत होती. पुढच्याच वर्षी जिल्ह्याला कॉम्प्युटर आला. चपला बाहेर काढून त्या खोलीत जावं लागे आणि देवघरात बोलावं तसं हळू बोलावं लागे. माझं काम प्रयोगांसाठी गावांची निवड करणारा प्रोग्राम लिहिण्याचं. लिहिला, यादी निघाली, मी खूश. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करून पुन्हा यादी काढली तर तीच गावं, त्याच क्रमाने. तिसऱ्या दिवशीही तीच. इतक्या महागाच्या वस्तूचं मी काहीतरी बिघडवलं असं वाटलं.

साहेबांना सांगायची हिंमत होईना, म्हणून देवीदासभाऊंना सांगितलं. मॅट्रिक झालेला आणि सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेला माणूस, पण त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"म्हणजे थे मशीन बी रोज पयलंच पान उघडून राहिलं," ते म्हणाले. "त्याले सांगता येते का, कोणतं पान उघड म्हणून?"

येत होतं. सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागे, मी तो देतच नव्हते. मग ते म्हणाले की तो आकडा आधी वहीत लिहा, मग मशीनला द्या. एवढ्यावर थांबले नाहीत. तोच आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला दिला तर तीच यादी निघेल का, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. नागपूरला गेले तेव्हा कॉलेजच्या मशीनवर करून पाहिलं, तर भलतीच गावं निघाली. आकडा तोच, पण आतली पुस्तिका वेगळी. तेव्हापासून मी सुरुवातीचा आकडा, मशीनचं नाव, प्रोग्राम कोणता आणि किती तारखेचा, आकडे काढायची रीत कोणती, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहीत आले. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला तेच शिकवलं. ही शिकवण सौंसरच्या देवीदासभाऊंची आहे, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

देवीदासभाऊंची आई ते चार वर्षांचे असताना गेली. त्यांना मोठं केलं बहिणीने, शकुबाईंनी. त्या नऊ वर्षांनी मोठ्या. त्यांचं लग्न लोधीखेड्याकडच्या एका गावात भिवाजींशी झालं, तेव्हा त्या भावालाही सोबत घेऊन गेल्या. गावाचं नाव मी लिहीत नाही. सासरी भाऊ घेऊन येणारी सून कोणाला आवडणार, पण भिवाजींनी त्या पोराला आपलं म्हटलं. वावरात कापूस आणि ज्वारी, विहिरीजवळ संत्र्याची पंधरा-वीस झाडं, एवढंच त्यांचं होतं. त्यातून पोराला सौंसरच्या शाळेत घातलं, पावसाळ्यात बैलगाडीने पोचवलं. पोरगा नोकरीला लागला तेव्हा भिवाजींनी बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला थांबवून सांगितलं की आमचा देवीदास आता सरकारी माणूस आहे. देवीदासभाऊ हे सांगताना लाजायचे, पण सांगायचे.

हे सगळं मला बसमध्ये कळलं. मी शनिवारी पांढुर्ण्याला घरी जायची आणि ते जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला. उतरेपर्यंत जेवढं बोलणं होईल तेवढं. दर शनिवारी न चुकता जायचे. मी आपली थट्टेत म्हणाले की देवाकडे एवढं काय मागता, तर त्या दिवशी त्यांनी शहाऐंशी सालची गोष्ट सांगितली.

त्या साली पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो आलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली, कणसं पोचट. त्या वर्षीच्या प्रयोगांत लोधीखेड्याकडचं ते गाव निघालं आणि गावातल्या दोन वावरांपैकी एक भिवाजींचं. देवीदासभाऊंनी साहेबांना सांगितलं की हे माझ्या भाटव्याचं वावर आहे, दुसऱ्याला पाठवा. साहेब म्हणाले, दुसरा कोण आहे? सगळे बाहेर आहेत. आणि नंबर जिथे निघाला तिथे निघाला, तूच तर सांगत असतोस. मग हे गेले.

वावरात पटवाऱ्यांचे वरिष्ठ गिरदावर होते, कोतवाल होता, सरपंच भैय्याजी होते, गावातले पाच-सात लोक होते. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, एका कोपऱ्यात शेंदूर लावलेला दगड आहे. पेरणी असो की सवंगणी, त्या घरचं कोणतंही काम त्या दगडाला हात जोडून तिथूनच सुरू होतं. भिवाजींनी उदबत्ती लावून ठेवली होती. खुंट्यांनाही कुंकू लावलं. देवीदासभाऊंनी दगडाला नमस्कार केला, डायरीत लिहिलं: पान एकवीस, रकाना चार, ओळ नऊ. सही केली, पुस्तिका उघडली. बासष्ट आणि सतरा. पावलं टाकली आणि खुंटी ठोकली.

खुंटी पडली ती विहिरीजवळच्या खोलगट भागात. उन्हाळ्यात एका धनगराच्या मेंढ्या भिवाजींनी तिथे आठ रात्री बसवल्या होत्या. त्या खतावर आणि विहिरीच्या ओलीवर तेवढ्याच तुकड्यात ज्वारी खांद्याएवढी, भरल्या कणसांची उभी होती. बाकी अख्ख्या वावरात तसं एक ताट नव्हतं.

गावाची आनावारी, म्हणजे पीक रुपयात किती आणे आलं तो हिशेब, या तोलावर ठरणार होती. ती खाली आली तर गाव दुष्काळाच्या यादीत जाणार, रस्त्याचं नाहीतर तलावाचं काम निघणार, आणि लोकांना घरी राहून चार महिने काढता येणार. भैय्याजी पुढे झाले आणि हळूच म्हणाले की दहा पावलं इकडे ठोका, कोण पाहून राहिलं? गिरदावर विडी पेटवायला पाठमोरे झाले. हे ऐकून मी बसमध्ये म्हणाले की ठोकायची होती, देवीदासभाऊ. कोणाचं काय गेलं असतं? ते माझ्याकडे असे पाहू लागले की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

त्यांनी भैय्याजींना सांगितलं की पान लिहून झालं आहे. उद्या कोणीही ही डायरी घेऊन आला तर त्याला हाच चौकोन सापडला पाहिजे, नाहीतर या कामाला काही अर्थ नाही. आज मी गावासाठी सरकवली तर उद्या दुसरा पैशासाठी सरकवेल, आणि दोन्ही डायऱ्या सारख्याच दिसतील. हे त्यांचं म्हणणं आजही मला शंभर टक्के पटतं. त्यावेळी शकुबाई भाकरी घेऊन वावरात आल्या होत्या. त्या जवळ आल्या आणि भावाच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "देवीदास, गावात कोणाच्या घरी दाणा नाही. तुले दिसून राहिलं ना?"

"बाई, नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. मोठ्या बहिणीला ते बाई म्हणत.

भिवाजी एक शब्द बोलले नाहीत. दोरीचं एक टोक धरून उभे राहिले, आणि चौकोन आखून झाल्यावर स्वतः विळा घेऊन कापायला बसले.

दुसऱ्या वावरात काही नव्हतं, पण भिवाजींच्या तुकड्याने सरासरी वर ओढली आणि गाव थोडक्यात यादीतून सुटलं. शेजारच्या तीन गावांत कामं निघाली, या गावात नाही. संक्रांतीनंतर गावातली वीस-बावीस माणसं नागपूरकडे एका वीटभट्टीवर गेली. पन्नाशी उलटलेले भिवाजी त्यांच्यात होते. फाल्गुनात ते तापाने फणफणून ट्रकमधून घरी आले आणि पाडवा झाल्यावर आठ दिवसांनी गेले.

तेराव्याच्या दिवशी शकुबाईंनी भावाला जेवायला वाढलं, पण त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्या वर्षी भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. देवीदासभाऊ आपले आपण गेले, तर घराला कडी होती. पुढच्या वर्षी गेले, तर शेजारच्या बाईने सांगितलं की त्या कापूस वेचायला गेल्या आहेत. भाऊबीजेच्या दिवशी. त्यानंतर ते गेले नाहीत.

"मारुतीले काही मागत नाही," ते मला म्हणाले. "फकत सांगतो का मी केलं नाही. नंबरानं झालं. माझ्या हातात असतं त मी काय भाऊजीच्या वावरात थे जागा काढली असती?"

मी म्हणाले की बरोबर आहे तुमचं. आणि होतंच बरोबर. या एका वाक्यावर तो माणूस दोन वर्षं जेवत होता, झोपत होता, कामावर येत होता. नंबरानं झालं. ते वाक्य काढून घेतलं असतं तर त्यांच्याजवळ काय उरलं असतं, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. मी पंचवीस वर्षांची होते, मला संख्याशास्त्र येत होतं.

एकोणनव्वदच्या जानेवारीत वरून हुकूम आला की मागच्या तीन वर्षांच्या प्रयोगांपैकी काही पुन्हा तपासा. म्हणजे डायरीतलं पान आणि रकाना घेऊन तेच आकडे निघतात का ते पाहायचं, आणि वावरात जाऊन तीच जागा येते का ते पाहायचं. कोणते प्रयोग तपासायचे त्याची यादी कॉम्प्युटरवर मी काढली. सुरुवातीचा आकडा वहीत लिहिला, मग मशीनला दिला. यादीत सातवं नाव भिवाजींच्या वावराचं.

दुसरा आकडा देऊन दुसरी यादी काढता आली असती, खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पण आकडा लिहून झाला होता, आणि लिहिल्यावर बदलायचा नाही हे मी ज्यांच्याकडून शिकले त्यांचंच ते प्रकरण होतं. खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली नाही. उलट आनंदच झाला. ऑफिसात एकाच माणसाच्या डायरीत कधी चूक निघत नाही, ती डायरी अस्सल आहे हे मी कागदावर लिहून देणार होते. तपासणी होईपर्यंत ज्याचं काम आहे त्याला सांगायचं नाही असा नियम होता, तो मी पाळला.

वावरात माझ्यासोबत कोतवाल होता. शकुबाई धुऱ्यावर गवत कापत होत्या. मी कोण ते त्यांना सांगितलं. त्यांनी तांब्यातून पाणी दिलं आणि पुन्हा गवत कापायला लागल्या. मी पान एकवीस उघडलं, रकाना चार, ओळ नऊ. बासष्ट, सतरा. शाबास, मी मनात म्हणाले. होकायंत्र काढून नैऋत्य कोपरा पाहिला, तो नाल्याकडचा निघाला. तिथून बासष्ट पावलं लांबीत टाकली, सतरा रुंदीत, आणि जिथे पोचले तिथे नुसती बरड जमीन. पायाखाली चुनखडी आणि गोटे.

डायरीत लिहिलं होतं: माती काळी, खोल, विहीर वीस पावलांवर. माझ्यापासून विहीर कितीतरी लांब होती. मी पुन्हा मोजलं. मग चारही कोपऱ्यांवरून मोजलं. शेंदराच्या दगडाकडून टाकलेली पावलं बरोबर विहिरीपासून वीस पावलांवर, काळ्या मातीत जाऊन थांबली. तो ईशान्य कोपरा होता, नेमका समोरासमोरचा.

मी तिथेच धुऱ्यावर बसून डायरी चाळली. बाकीच्या प्रत्येक प्रयोगात त्यांची एक ओळ होती: होकायंत्राने दिशा पाहिली. या एकाच पानावर ती नव्हती. परक्याच्या वावरात हा माणूस दिशा तपासल्याशिवाय पाऊल टाकत नसे. इथे तो लहानपणापासून बैलांमागे हिंडला होता, इथलं प्रत्येक काम त्या दगडापासून सुरू होताना पाहत मोठा झाला होता. हात जोडले आणि पाय तिथूनच निघाले. पान लिहिलं, रकाना लिहिला, ओळ लिहिली. कोपरा लिहिला नाही, कारण कोपरा कोणी लिहीतच नसे. तो एकच असतो असं सगळे धरून चालत.

आता मी जे केलं ते लिहायला मला जड जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात चहा आला होता. साहेब होते, दोन बाबू होते, चहावाला होता. आणि मला, काय सांगू, त्या शोधाची मजा वाटत होती. ज्याची चूक कधी कोणाला सापडली नाही त्याची मला सापडली होती. मी हसत म्हणाले, "देवीदासभाऊ, तुमचा नंबर बरोबर, पण कोपरा चुकला. भिवाजींच्या वावरात तुम्ही देवाच्या दगडापासून मोजलं."

सगळे हसले. एका बाबूने काहीतरी जोडही दिली, ती मला आठवत नाही. देवीदासभाऊंनी कप खाली ठेवला. डायरी मागितली. ते पान त्यांनी किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग विचारलं की नाल्याकडून मोजलं तर कुठे येते. मी सांगितलं, बरडावर. एवढ्यात माझ्या तोंडावरचं हसू गेलं होतं, पण आता फार उशीर झाला होता. ते उठून बाहेर गेले आणि त्या दिवशी परत आले नाहीत.

ऑफिसच्या दृष्टीने काहीच झालं नाही. साहेबांनी फाइलीवर एक ओळ लिहिली, पुढे काळजी घ्यावी. दोन वर्षांपूर्वीची आनावारी कोण बदलणार? मी वेड्यासारखी कॉम्प्युटरवर बसून बरडावर किती ज्वारी निघाली असती याचा अंदाज काढत राहिले. पान एकवीस मी आज उघडलं तरी बासष्ट आणि सतरा निघतील. ती शहाऐंशीची ज्वारी कुठून उभी करणार होते?

तीन दिवसांनी देवीदासभाऊ माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली. म्हणाले, "बाईकडे चाललो. तुम्ही बी चाला. मी सांगितलं त तिले वाटन का हा मन हलकं कराले येऊन राहिला. तुम्ही मोजलं, तुम्हीच सांगा."

मला जायचं नव्हतं. गेले. बसमधून उतरताना ते म्हणाले की मी भाऊजीचा जीव घेतला. मी म्हणाले असं बोलू नका, आणि ते किती पोकळ आहे हे मलाच ऐकू आलं.

शकुबाई ओसरीत तुरी पाखडत होत्या. भावाला पाहून सूप थांबलं. त्यांनी घोंगडी टाकली, पाणी आणून ठेवलं, आणि भिंतीला टेकून बसल्या. मी सांगितलं. कागद काढून चार कोपरे आखून दाखवले, जणू त्या माउलीला कागदाची गरज होती. मी बोलत असताना त्यांनी एकदाही कागदाकडे पाहिलं नाही. त्या भावाच्या तोंडाकडे पाहत होत्या.

माझं झाल्यावर देवीदासभाऊ म्हणाले, "बाई, नंबरानं नाही झालं. माझ्यानं झालं."

"मले माहीत हाय," शकुबाई म्हणाल्या.

मला वाटलं, मी नाल्याकडून पावलं टाकताना त्यांनी पाहिलं म्हणून. तसं नव्हतं.

"त्यायले बी माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी. त्याच्या तीन साल आंधी पटवारी आला होता भुईमुगाच्या टायमाले, थो नाल्याकडून मोजे. त्यायनंच दोरी धरली होती. रातच्याले मले सांगितलं का देवीदास चुकला."

देवीदासभाऊ म्हणाले, "मंग भाऊजी बोलले काहून नाही?"

"म्या बी तेच इचारलं. म्हणे, चार मानसाईत पोराले खाली पाहाले लावू का? अन् वावर माह्यं. मी म्हटलं का बरडाकडून मोज, त सारे म्हणतीन साळ्याले शिकवून राहिला. गिरदावर उभाच होता. पोराची नोकरी जाईन." त्यांनी सूप बाजूला सारलं. "म्हणे, एका सालाचीच त गोष्ट हाय. निंगून जाईन साल."

बाहेर कोंबड्या तुरीच्या भुशात उकरत होत्या. देवीदासभाऊंनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ते रडू लागले. मोठा माणूस असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता. शकुबाई सरकत त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

पुष्कळ वेळाने देवीदासभाऊंनी विचारलं, "अन् तू? तुले माहीत होतं, त तू मले दोन साल काहून नाही सांगितलं? बोलनंच सोडलं मह्यासंग."

"बोलली असती त कधी ना कधी तोंडातून निंगून गेलं असतं," शकुबाई म्हणाल्या. "तेराव्याले तू कोनाले तरी सांगून राहिला होता का नंबरानं झालं. म्या ऐकलं. म्हटलं, तेवढं त राहू दे याच्यापाशी. म्हून बोललीच नाही."

त्यानंतर देवीदासभाऊंनी पीक कापणीचं काम सोडून स्टोअरची जागा मागून घेतली. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. भाऊबीजेला जात, आणि मला भेटले की नेहमीसारखंच बोलत. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. मी पुढे तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतला. पण ती एक चूक दोन माणसांनी जन्मभर झाकायची ठरवली होती. एकाने तिच्यासाठी वीटभट्टी पत्करली, दुसरीने आपल्या हाताने वाढवलेला भाऊ दोन वर्षं तोडला. मी ती चहाच्या वेळी, चार माणसांत, हसत सांगून मोकळी झाले.